नॉर्मल बाळंतपण मिडवाइफच्या हाती द्यावं का?

लेबररूम_सिस्टर:
केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मिडवायफरी, म्हणजे प्रशिक्षित सुईणीच्या सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या परिचारिकेनं १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण घ्यायचं आणि गुंतागुंत नसलेली बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करायची. हे सगळीकडे आणि लवकर व्हावं असं माझं ठाम मत आहे. आजही ग्रामीण रुग्णालयात रात्रीचं बाळंतपण बहुतेकदा सिस्टरच करते. जबाबदारी तिची, अधिकार मात्र नाही. त्यात हात बसतो न बसतो तोच तिची ड्यूटी सर्जिकल वॉर्डला लागते. एनएफएचएस-५ या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेलंगणात सिझरचं प्रमाण ६०.७ टक्के निघालं. तिथल्या सरकारनं मिडवाइफ तयार करायला घेतल्या. महाराष्ट्राचं प्रमाण त्यात २५.४ टक्के होतं. ते तिथवर जाईपर्यंत कशाला थांबायचं?

ओबीजी_रेसिडेंट:
ताई, माझा विरोध आहे. बाळंतपण नॉर्मल होतं हे ते पार पडल्यावरच कळतं. वार पडली आणि गर्भाशय आवळलं नाही तर बाई डोळ्यांदेखत पांढरीफटक पडते. तेव्हा रक्त, भूलतज्ज्ञ, थिएटर सगळं हाताशी लागतं. इंग्लंडमध्ये मिडवाइफचं शिक्षण किती जुनं आणि पक्कं! तरी श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांवरचा २०२२ चा ऑकेंडेन चौकशी अहवाल काय सांगतो? नीट उपचार मिळाले असते तर २०१ बाळं आणि ९ माता कदाचित वाचल्या असत्या. सिझर कमी ठेवण्याचा अट्टहास तिथे बायकांना भोवला. म्हणून सिझरचे आकडे पुढे करून कुणी धोरण मांडलं की मला धास्ती वाटते.

लेबररूम_सिस्टर:
सिझर कमी करण्याचं टार्गेट नसावं, हे मान्य. पण तोच अहवाल पुढे वाचा ना डॉक्टर. बाळाच्या ठोक्यांचे आलेख चुकीचे वाचले गेले, वरिष्ठांना वेळेत बोलावलं नाही, मनुष्यबळ अपुरं होतं, आधीच्या चुकांची धड चौकशी झाली नाही. यात डॉक्टरही आले. यावर उपाय मिडवाइफ नको हा कसा?

नर्सिंग_ट्यूटर:
शिकवायचं कसं, ते आधी बोला. एका टेबलाभोवती दहा मुली उभ्या असतात. बाळ एकीच्या हातात येतं, केस बुकात मात्र सगळ्यांची नोंद होते. पार्टोग्राफ, म्हणजे कळा चालू असताना भरत जायचा आलेख, तर बाळंतपण झाल्यावर बसून भरतात. गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यापासून १० पर्यंत सगळे ठिपके एका रेषेत, एकाच पेनानं, एकाच बैठकीत. खऱ्या कळा अशा सरळ रेषेत चालत नाहीत. युरोपीय संघाच्या नियमात मिडवाइफच्या विद्यार्थिनीला किमान ४० बाळंतपणं करावी लागतात. बाळंतपणं कमीच असतील तर ३०, पण मग आणखी २० मध्ये मदत करायची. आपल्या कॉलेजांनी एवढी बाळंतपणं आणायची कुठून, हे आधी ठरवा.

रक्तस्रावाचंही तेच. मी ट्रेमध्ये मोजून लाल पाणी ओतते, वर कापसाचे बोळे टाकते आणि किती ते विचारते. बहुतेक जणी निम्मंच सांगतात. नजरेनं अंदाज चुकतोच. खुणा असलेला रक्त मोजायचा ड्रेप आणि सगळे उपचार एकदम, अशी पद्धत आफ्रिकेतल्या चार देशांत वापरून पाहिली. २०२३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. तो ड्रेप काही महागडं यंत्र नव्हे, प्लास्टिकची पिशवी आहे. १८ महिन्यांत हे हातात बसलं तर मी मिडवाइफच्या बाजूनं. नुसत्या फायली भरायच्या असतील तर डॉक्टरांच्या बाजूनं.

दोन_मुलांची_आई:
माझ्या पहिल्या वेळी कुणीतरी कोपरानं पोट दाबलं. का, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्या वेळी सिस्टरनं कुशीवर झोपू दिलं, कंबर चोळली, थोड्या थोड्या वेळानं बाळाचे ठोके मलाही ऐकवले. डॉक्टर बाजूच्याच खोलीत होत्या. मला दोघी हव्या होत्या.

ओबीजी_रेसिडेंट:
बाजूच्या खोलीत डॉक्टर असतील तर माझा विरोध निम्मा संपतो. थिएटर नसलेल्या उपकेंद्रात मात्र मिडवाइफला एकटीला बसवू नका.

लेबररूम_सिस्टर:
केंद्राच्या तत्त्वांत तेच आहे. मिडवाइफचं युनिट मेडिकल कॉलेज, जिल्हा रुग्णालय अशा जास्त बाळंतपणांच्या ठिकाणी, डॉक्टरांच्या जोडीनं चालवायचं. त्यात एक नियम मला लेखी हवा: मिडवाइफनं रात्री दोनला फोन केला की डॉक्टरांनी येऊन बाईला तपासायचं. "थोडं थांबून बघा" हे फोनवरून चालणार नाही.