थंडीतल्या ग्रुप राईडचे किस्से टाका रे

धामकाठ
काल दिवाणातली मोठी दुलई काढली तर घडीतून एक हातमोजा पडला. लोकरीचा, एकटाच, बोटाला भोक. नवरा म्हणाला फेक, एकट्याचं काय करशील. मी तो धरून उभी राहिले आणि तव्यावरची पोळी करपली.

मोजा शेपूटकाकांचा आहे. आमच्या वर्ध्याच्या सायकल ग्रुपमध्ये सगळ्यांच्या मागे चालवायला एकजण नेमलेला असायचा. बाकीचे ग्रुपवाले त्याला स्वीप म्हणतात, आम्ही शेपूट म्हणायचो. काका कायमचे शेपूट. माझी पहिली लांब राईड होती, वर्धा ते बोर धरण, डिसेंबरातली. पवनारच्या पुलावर धामचं धुकं असं की पुढच्याचा लाल लाईट दिसेना, नुसता टायरचा आवाज. सेलूच्या पुढे हिंगणीकडे लागलो तोवर माझी बोटं गेली होती. गिअर बदलेना, आणि ब्रेक दाबला की नाही हे सायकल थांबली तरच कळायचं. सगळे पुढे निघून गेले. मी रस्त्याच्या कडेला हात काखेत घालून उभी, डोळ्यांतून पाणी. थंडीचं होतं असं मी सगळ्यांना सांगते.

काका आले, उतरले, एक मोजा काढून दिला. मी म्हटलं दोन्ही द्या ना. तर म्हणे, "दोन्ही देईन तर तुले मले न्याले लागन. एक तू घाल, एक मी. दर पाच किलोमीटरले हात बदलवायचा." धरणापर्यंत तसेच गेलो. डावा, उजवा, डावा, उजवा. परत द्यायचा राहूनच गेला.

तुमचेही लिहा. थंडी, राईड, ग्रुप, काहीही चालेल.

सराटा
आमचा ऐका. दारव्ह्याहून कारंज्याच्या रस्त्यानं आठजण, पहाटचे पावणेपाच. सगळ्यांच्या हँडलले लाईट, माह्या डोक्यालेबी एक. तुरीच्या वावरातून एकदम सुतळी बॉम! पुढच्या चाकाच्या दहा फुटावर फुटला. तिघं धुऱ्यात, एक माह्या अंगावर. मंग वावरातून टॉर्च घेऊन म्हातारा आला, जागलीवर होता. म्हणे माफ करा जी, रोही (नीलगाय) समजलो. म्या म्हटलं, बाबाजी, रोह्याले लाईट रायते का? म्हणे, "आठ-आठ जण रांगेत एका मागं एक येऊन रायले, मले काय माईत."

मंग त्यानं तुराट्याची शेकोटी पेटवली, तुरीच्या शेंगा भाजल्या. तिथंच साडेसात झाले. राईड गेली उडत.

वेणीफणी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

कडकलक्ष्मी
@धामकाठ अगं ते हात काखेत घालून रडणं डिट्टो माझं! फक्त माझ्या वेळी शेपूटही पुढे निघून गेलं होतं, कारण शेपूट म्हणजे माझा नवरा. दर हिवाळ्यात एकदा तरी काढते हा विषय.

घाटउतार
चढताना कोणी मरत नाही, खरी परीक्षा उतारावर. परतवाड्याहून चिखलदरा. वर साधारण अकराशे मीटरची उंची आहे, म्हणजे घाट सुरू झाला की गप्पा बंद. घामानं जर्सी चिंब, जॅकेट कमरेला. वर पोचलो की हिरो. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच, पण आम्ही सगळ्यांनी चहाच सांगितला.

मग उतरायचं. ओली जर्सी, समोरून वारा, पाय चालवायचे नाहीत म्हणून अंगात गरमी तयारच होत नाही. दात असे वाजायला लागले की मागच्याला वाटलं चेन वाजते आहे. पुढच्या खेपेला एका जुन्या सायकलवाल्यानं युक्ती सांगितली: उतरायच्या आधी छातीवर वर्तमानपत्र घालायचं, जर्सीच्या आतून. कागदातून वारा जात नाही. भजीवाल्याकडून रद्दी मागितली, त्यानं तेलकट बाजूसकट दिली. आलो मस्त गरमागरम.

घरी जर्सी काढली तर घामानं शाई उतरून छातीवर उलटी अक्षरं छापलेली. बायकोनं मला आरशासमोर उभं केलं आणि मोठ्यानं वाचलं, "वधू पाहिजे."

सराटा
भाऊ 🙏 पाणी नाकातून आलं

संत्र्याचा टॅक्स
वरुडकडून. आंबिया बहार तोडणीला आला की आमच्या बागेसमोरून मोर्शीचा ग्रुप जातो. बाबा दरवेळी थांबवतात आणि खिसे भरून संत्री देतात. यांचे खिसे पाठीवर. एकदा त्यातला एक घसरला, पाठीवर पडला. उठला तेव्हा सगळे घाबरले, पाठ पूर्ण ओली. मग वास आला.

बाय द वे, पहाटे सहाला झाडावरचं संत्र खाल्लंय का कोणी? फ्रीज झक मारतो. दात दुखतात पण सोडवत नाही.

पुण्यातला यवतमाळकर
काय धागा काढला राव. इथे टेकडीवर जॅकेट घालून फिरणाऱ्यांना थंडी म्हणजे काय ठाऊक नाही. शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या बाजूबाजूनं आम्ही पोट्टे सायकली हाणायचो, गिअर नाही, हेल्मेट नाही, घरातली बावीस इंची. ग्रुपबिप काही नव्हता. गाडी कधीकधी इतकी हळू चालायची की आम्ही तिच्या पुढे. 2018 चा डिसेंबर संपता संपता नागपूरला साडेतीन अंश झालं होतं, तेव्हा मी तिकडेच होतो सुट्टीवर. यवतमाळच्या ग्रुपमध्ये सकाळी चारजण आले. प्रत्येकाला वाटलं होतं बाकीचे येणार नाहीत, आपण फक्त तोंड दाखवून परत येऊ.

एक गिअर
समृद्धीवर कोणी चालवली आहे का? रस्ता गुळगुळीत आहे म्हणतात

घाटउतार
@एक गिअर नाही जी, तिथे मोटरसायकललाही बंदी आहे, सायकल तर दूरच. जुन्याच रोडनं जा.

एक गिअर
ओके. आणि पंक्चर? माझं थंडीत पॅचच चिकटत नाही

सराटा
सोल्युशन लावलं की घाई करतोस तू. गारठ्यात त्याले सुकाले जास्त टाईम लागते. हात लावून पाय, चिकट नाही लागलं की मंगच पॅच. आन् काटा टायरातून काढला का? नाही काढत पोट्टे. बाभळीचा काटा आतच, नवा ट्यूब टाकते, फुस्स.

ओलित
मी सायकलवाला नाही, पण लिहू का?

आमचं वावर रोडला लागून आहे. गहू, हरभरा. आठवड्याची पाळी रात्रीची आली की थ्री फेज रात्रीच मिळते, मग ओलित रात्रीच. पाय चिखलात, गुडघ्यापर्यंत गार, डोक्याला दुपट्टा. मोबाईल बंडीवर ठेवतो, पाण्यात पडायची भीती. तर वेळ कशी कळते? पहाटे रोडवरून तुमच्या लाईटी जातात, एका मागं एक, शेवटी एक लाल टिमटिम. त्या दिसल्या की समजायचं साडेपाच वाजले, आता थोडंच राहिलं. रविवारी हमखास. मधल्या वारी मात्र तुमचा भरवसा नाही.

एकदा शेवटचा थांबला होता. थर्मासमधला चहा दिला. मला म्हणे काका थंडी वाजत नाही का. मी म्हटलं तुम्हालाच विचारणार होतो.

एक शंका आहे. ती गादीवाली चड्डी घालता त्यात ऊब असते का?

धामकाठ
@ओलित नाही हो, गादी फक्त सीटसाठी असते 😄 बाकी सगळी हवा लागते. लाईट कुठल्या रस्त्यावर दिसतात तुम्हाला? सेलू?

ओलित
सेलूच्या अलीकडे.

धामकाठ
मग आमचेच.

कडकलक्ष्मी
गादीच्या चड्डीवरून आठवलं. पहिल्यांदा ती घालून फाट्यावरच्या टपरीत गेले. चहा येईपर्यंत उभीच होते, लाज वाटत होती. तिथल्या आजी म्हणाल्या, "बस ना बाई, लागलं काय तुले?" मग घरची गाडी आहे का, पेट्रोल संपलं का, नवऱ्यानं सोडलं का, सगळं विचारून झालं. शेवटी पैसे घेतले नाहीत. अजूनही जाते त्यांच्याकडे, आता मीच त्यांच्या सुनेची चौकशी करते.

तर्री
इतके प्रतिसाद आणि राईडनंतरच्या पोह्यांबद्दल कोणी बोललंच नाही?? तर्रीशिवाय पोहे खाणाऱ्यांना ग्रुपमधून काढा

पुण्यातला यवतमाळकर
+1. इथे पोह्यांवर शेव टाकून देतात. मी गप्प खातो.

वेणीफणी
तुम्ही 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) केली आहे का कोणी? साडेतेरा तासांत होईल का? मी आत्तापर्यंत 80 केलेत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही

घाटउतार
80 जमले तर 200 जमतील, खाण्यावर लक्ष ठेव. मधेमधे पोचल्याचा पुरावा लागतो, कुठे कुठे एटीएमची पावती चालते. माझ्या वेळी गावातल्या एटीएममध्ये कागदच नव्हता. शेजारच्या किराणावाल्याकडून पारले बिस्किटांचं बिल घेतलं, तारीख-वेळ त्यानं हातानं लिहिली. आयोजकांनी ते धरलं की नाही ते विचारू नका. सासूबाईंना आधी सांग.

कडकलक्ष्मी
नको सांगू. नंतर मेडल दाखव.

धामकाठ
दूध उतू गेलं बघा, या धाग्यापायी. असो. आत्ता शेपूटकाकांना फोन लावला, ते मुलाकडे हैदराबादला असतात. म्हटलं काका तुमचा मोजा सापडला. म्हणे कोणता मोजा. सगळं सांगितल्यावर म्हणाले, "त्याचा जोडीदार तर त्याच हिवाळ्यात बकरीनं खाल्ला ना! तू ह्याले कायले जपून ठेवलं?" मग विचारलं रविवारी कोण शेपूट असते आता. म्हटलं मी.

ओलित
ताई, या रविवारी रात्रीचीच पाळी आहे. चहा माझ्याकडे. किती जण ते सांगा.

सराटा
आम्हीबी येऊ का? दारव्ह्याहून

धामकाठ
या. बॉम तेवढे सांभाळा.