अनुभव धागा: क्लोजर मिळालं का हो?

गोदाकाठची
परवा भाची रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, त्याने मला क्लोजर दिलंच नाही." आई (वय ८१) शेजारी मेथी निवडत होती, तिने विचारलं, "किती द्यायचे होते?" हसलो सगळे, पण नंतर मलाही धड सांगता येईना हे नक्की काय असतं ते. आपल्याकडे सोक्षमोक्ष आहे, पण तो भांडणाचा लावतात. तुमचं काय? उपदेश नको, अनुभव लिहा.

सातपूरकर
माझं क्लोजर म्हणजे कावळा. वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर पाऊण तास पिंडाला कावळा शिवेना, शेजारच्यांचे शिवून झाले, आमच्याकडे एक ढुंकून बघेना. दादा म्हणाला आईला सांभाळीन, मी म्हणालो ताईचं लग्न करून देऊ, काकांनी तर हळूच बांधाचंही कबूल केलं (नंतर विसरले, तो वेगळा धागा होईल). शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, म्हणाले चला, आंघोळी करा. ११ वर्षं झाली, विधी झाला, नाही असं नाही, पण त्यांचं काय राहिलं होतं हे अजून रात्री डोक्यात येतं.

कॉलेजरोड_९२
ब्रेकअपनंतर ८ महिन्यांनी "क्लोजरसाठी" भेटलो. मी ३ पानं मुद्दे लिहून नेलेले. तो म्हणाला "सॉरी यार, मलाच कळत नव्हतं" आणि डोसा मागवला. एवढंच! खरं सांगू का, मला क्लोजर नकोच होतं, तो परत यायला हवा होता, फक्त क्लोजर म्हटलं की भेट मागायला लाज वाटत नाही.

नाव नको
धाकटा भाऊ २०१४ ला घरातून गेला, सीबीएसपर्यंत (बसस्टँड) रिक्षाने गेला एवढं कळलं, पुढे काहीच नाही. ७ वर्षं ठावठिकाणा नसला की कोर्टातून मृत मानून घेता येतं, वकील तेच म्हणत होते कारण उताऱ्यावर त्याचं नाव आहे. नातेवाईक म्हणाले पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या, मोकळे व्हाल. आई म्हणाली, उद्या तो दारात आला आणि मला जाळलंत का विचारलं तर काय सांगू?
समुपदेशक बाईंनी पॉलिन बॉस या अमेरिकन थेरपिस्टबद्दल सांगितलं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांसोबत काम करून तिने १९७० च्या दशकात अशा दुःखाला नाव दिलं, मराठीत संदिग्ध वियोग म्हणू. तिचं म्हणणं, इथे क्लोजरच्या मागे लागू नका, माणूस आहे आणि नाही हे दोन्ही एकदम धरून जगता येतं. आई दिवाळीला त्याच्या वाटचं उटणं काढून ठेवते, सर्वपित्रीला मात्र त्याच्या नावाने पान वाढू देत नाही. मला तो शब्द कामाचा वाटला, क्लोजर नाही.

अंबडची अनु
माझं उलट. सासरच्या एका जुन्या अपमानाबद्दल मी नवऱ्याला "राग आलाय" म्हटलं असतं तर नेहमीचंच म्हणून त्याने सोडून दिलं असतं. "मला क्लोजर हवंय" म्हटल्यावर टीव्ही बंद करून बसला. इंग्रजीचा मान, दुसरं काय.

गोदाकाठची
आईला सातपूरकरांचं वाचून दाखवलं. म्हणाली, आधी त्या काकांना बांधाची आठवण करा म्हणावं.