‘हॉलिवूडवाल्यांसाठी वर्गणी कशाला?’ असं विचारणाऱ्यांना, पासाडेनाहून

डोंगरपायथा | १२ फेब्रुवारी २०२५

लॉस एंजेलिसच्या आगीत घरं गमावलेल्यांसाठी इथल्या काही जणांनी वर्गणी काढायचं ठरवलं. त्यावर याच मंचावर ‘सडेतोड’ यांनी परवा लिहिलं: “हॉलिवूडवाल्यांचे बंगले जळले, त्याला इथल्या माणसानं पाचशे रुपये का द्यायचे? त्यांना विमा आहे, सरकार आहे, विमानं आहेत. आपले डोंगर दरवर्षी जळतात तेव्हा हे लोक कुठे असतात?” खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. दोन रात्री ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण इलाज नाही.

मला पासाडेनात, लॉस एंजेलिसला लागूनच्या गावात, अकरा वर्षं झाली. ७ जानेवारीला सकाळी समुद्राच्या बाजूला पॅलिसेड्समध्ये आग लागल्याचं टीव्हीवर बघत होतो. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर आमच्याच बाजूला, ईटन कॅन्यनच्या वर, लाल रेघ दिसली. बघता बघता ती डोंगरभर झाली. सांता ॲनाचं वारं वाळवंटाकडून समुद्राकडे सुटतं, कोरडं आणि गरम. त्या रात्री तर रस्त्यावरून माणूस सरळ चालू शकत नव्हता. आधीचे दोन हिवाळे भरपूर पाऊस झाला होता, त्यामुळे झुडपं माजली होती. मग मे महिन्यापासून पाऊस जवळपास नाहीच. चांगल्या पावसानंतर वाळलेलं गवत म्हणजे काय, हे सह्याद्रीत वाढलेल्याला मी काय सांगणार?

ती आग आमच्या शेजारच्या अल्टाडेनात उतरली. अल्टाडेना म्हणजे हॉलिवूड नव्हे हो. एके काळी कृष्णवर्णीय माणसाला इथल्या चांगल्या वस्त्यांत कुणी घर विकत नसे, बँक कर्ज देत नसे. अल्टाडेनाच्या पश्चिम भागात त्यांना घरं घेता आली. शिक्षक, पोस्टमन, नर्स अशा लोकांनी साठ-सत्तरच्या दशकात घेतलेली घरं, आता नातवंडांपर्यंत आलेली. पूर्वेकडच्यांना घर सोडायचा आदेश संध्याकाळीच मिळाला. लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला तो पहाटे तीननंतर पोचला. ईटनच्या आगीत मेलेल्या ज्या पहिल्या सतरा जणांची नोंद झाली ते सगळे त्या पश्चिम भागातले. बरेचसे म्हातारे, काही अंथरुणाला खिळलेले.

माझ्या मुलीला ज्या बाईंनी चार वर्षं सांभाळलं, त्यांचं घर तिथलं. वडिलांनी घेतलेलं. जानेवारीच्या शेवटी आत जायला परवानगी मिळाली तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. अंगात पांढरे कागदी झगे, तोंडाला मास्क, कारण राखेत शिसं आणि ॲस्बेस्टॉस. धुराडं तेवढं उभं होतं. गाडीच्या चाकांचं ॲल्युमिनियम वितळून उतारावर ओघळलेलं आणि तसंच थिजलेलं. त्यांना आईची अंगठी हवी होती. आपण पीठ चाळतो तशी दोन तास राख चाळली. चिनी मातीच्या कपाचा कान सापडला. अंगठी नाही. तो कान त्यांनी रुमालात बांधून घेतला.

यांना ‘बंगलेवाले’ म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा.

सडेतोड | १२ फेब्रुवारी

वाचलं. त्या बाईंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण एका बाईंची गोष्ट सांगून माझा प्रश्न सुटत नाही. पॅलिसेड्समध्ये पैसेवाल्यांनी खासगी अग्निशमन पथकं बोलावली, हे खोटं आहे का? जगातला सगळ्यात श्रीमंत देश, तरी नळाला पाणी नव्हतं म्हणे. ती चूक त्यांची, निस्तरतील ते. आमच्याकडे पाचशे रुपये म्हणजे मजुराची एक दिवसाची रोजी.

आणि ‘इथल्यांना कळणार नाही’ हा सूर नको. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा परदेशातल्या किती जणांनी दोन रात्री झोप घालवली?

डोंगरपायथा | १२ फेब्रुवारी

‘इथल्यांना कळणार नाही’ असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. नेमकं उलट लिहिलंय.

पाण्याचं: पॅलिसेड्सचा एक मोठा जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता, हे खरं. पण शहरातली पाइपलाइन चार-दोन घरांच्या आगीसाठी बांधलेली असते. शेकडो घरं एकदम पेटली की दाब टिकत नाही. आणि त्या रात्री वाऱ्यामुळे विमानं उडूच शकली नाहीत.

विम्याचं ऐका. गेल्या वर्षी एका बड्या कंपनीनं कॅलिफोर्नियातल्या ७२ हजार पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही म्हणून जाहीर केलं. कुणी सरकारमान्य ‘फेअर प्लॅन’ घेतला, जास्त हप्ता भरून कमी भरपाईचा. कुणाचं कर्ज फिटलेलं म्हणून विमाच नव्हता. आणि ज्यांची स्वतःची घरंच नव्हती, पण त्या घरांत माळीकाम आणि साफसफाई करून पोट भरायचं, त्यांचं काय? घर जळालं तसं त्यांचं कामही जळालं. नाक्यावर कामाला उभे राहणारे हेच मजूर आग धुमसत असताना पासाडेनाच्या रस्त्यांवरच्या पडलेल्या फांद्या उचलत होते, फुकट. तुरुंगातले हजारभर कैदी आग विझवायला डोंगरावर होते, दिवसाला सहा ते दहा डॉलरवर. पाचशे रुपयांची किंमत त्यांना तुमच्याइतकीच कळते.

काजूबाग | १३ फेब्रुवारी

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. सहसा लिहीत नाही.

ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण सडेतोड म्हणतात तेही मला लागलं. मार्च २०२२ मध्ये माझी दीडशे काजूची कलमं जळाली. वेंगुर्ला-७, आठवं वर्ष, भरात आलेली. दुपारी दोनचा सुमार, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, धूर आला. मी आणि बायको, दोघंच. हिरवे ढाळे तोडून झोडपत होतो. वारा फिरला आणि आग डोक्यावरून गेली म्हणा ना. ठिबकच्या नळ्या वितळून झाडाच्या बुंध्याला चिकटल्या, त्या मी नखांनी सोडवल्या. पंचनामा झाला, कागदावर सह्या झाल्या. आज तीन वर्षं होत आली, एक रुपया नाही. रानडुकरानं बाग उकरली तर भरपाई आहे, वणव्यानं गेली तर ‘नियमात बसत नाही’.

तेव्हा कुणी वर्गणी काढली नव्हती. एवढंच.

माळरान | १३ फेब्रुवारी

काजूबाग, तुमचं वाईट झालं. पण स्पष्ट बोलतो. कोकणात काय, घाटावर काय, वणवा आपोआप लागत नाही. आपल्याकडे कोरड्या विजा पडून जंगल पेटत नाही. गावातलाच माणूस काडी टाकतो. ‘जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं’ ही खुळी समजूत. उलट पहिल्या वळवात राखेबरोबर मातीही वाहून जाते. मी साताऱ्याकडे दर उन्हाळ्यात मित्रांबरोबर आग विझवायला जातो. टिटवीची अंडी शिजलेली पाहिली आहेत. स्वतःचा डोंगर स्वतः पेटवायचा आणि मग भरपाई मागायची?

काजूबाग | १३ फेब्रुवारी

माझी बाग मी पेटवली असं म्हणायचंय का तुम्हाला?

माळरान | १३ फेब्रुवारी

तुम्ही नाही. पण तुमच्या गावातल्याच कुणीतरी.

कवळ_तोड्या | १३ फेब्रुवारी

हे ट्रेकिंगवाले वर्षातून चार रविवार डोंगरावर येतात आणि गाववाल्यांना अक्कल शिकवतात. भाजावळ म्हणजे काय ठाऊक आहे का? भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, तोच राब. कवळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट फांद्या, तोडायची, शेण पसरायचं, वर गवत आणि माती, मग वाऱ्याचा अंदाज घेऊन संध्याकाळी पेटवायचं. चार माणसं पाण्याची कळशी घेऊन उभी असतात. माझ्या आजोबांच्या हयातीत एकदाही राबाची आग बांधाबाहेर गेली नाही. आता सड्यावरच्या जमिनी बाहेरच्यांनी घेतल्या, कुंपणं घातली. ना कुणी गवत कापत, ना गुरं चरत. पुरुषभर उंचीचं वाळकं गवत उभं असतं. त्यात कुणी विडी टाकतं, कुणी डुकराच्या पारधीसाठी रान उठवायला पेटवतं, कुणी रिसॉर्टसाठी जागा मोकळी करायला. आणि नाव शेतकऱ्याचं.

मोहफूल | १३ फेब्रुवारी

आमच्या विदर्भात वेगळंच. मोहाची फुलं पडायला लागली की झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, फुलं दिसावीत म्हणून. ती आग पसरते. पण वेचणारी बाई पहाटे चारला उठून जंगलात जाते, तिचं चार महिन्यांचं तेल-मीठ त्या फुलांवर. तिला ‘वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा’ असं सांगून भागत नाही. झाडाखाली जाळी बांधून द्या, जाळायचं कारणच उरत नाही.

माझे वडील वनमजूर होते. फेब्रुवारी ते जून हंगामी काम, जाळरेषा काढायच्या (आग अडवायला गवत-पाला काढलेले मोकळे पट्टे) आणि आग दिसली की धावायचं. पायात स्लिपर. त्यांच्या पोटऱ्यांवरचे डाग मरेपर्यंत गेले नाहीत. गेल्या जूनमध्ये उत्तराखंडात, बिनसरच्या जंगलात, आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच जळून मेले, तेव्हा मला वडिलांचेच पाय दिसले. कुणाची आग मोठी यावर भांडणाऱ्यांनी त्या चौघांसाठी इथे एक तरी धागा काढला होता का? सडेतोड, तुम्हीही नाही.

सत्तरीकर | १४ फेब्रुवारी

गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादईचं रान पेटलं. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन आली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या नजरेत आलं. तोवर आम्ही रात्री अंगणातून डोंगरावर पेटलेली माळ बघत होतो. मदत मिळायला आग कॅमेऱ्यात दिसावी लागते, एवढं मात्र शिकलो. लॉस एंजेलिसचे कॅमेरे मोठे आहेत. त्यात अल्टाडेनाच्या त्या बाईंचा दोष नाही, काजूबाग यांचाही नाही.

माळरान | १४ फेब्रुवारी

कवळ_तोड्या, पडीक सड्यांचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यात नव्हता. पण नीट निगुतीनं भाजावळ करणारी तुमच्या आजोबांची पिढी आता नाही. आज मी बघतो, दुपारी बाराला पेटवतात आणि जेवायला घरी जातात.

कवळ_तोड्या | १४ फेब्रुवारी

करतात काही जण. माझा चुलतभाऊच करतो, सांगून थकलो. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

सडेतोड | १४ फेब्रुवारी

धागा माझ्यावर होता, गेला भाजावळीवर. असो. काजूबाग, ते लिहिताना तुमच्यासारखाच माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. मूळ प्रश्न अजून तिथेच आहे. मदत करायचीच तर इथून कपड्यांची खोकी पाठवायची आहेत का?

किल्लारीचा | १४ फेब्रुवारी

कपड्यांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पत्र्याच्या शेडपुढे ट्रक यायचे आणि वरूनच कपडे फेकायचे. माझ्या आजीनं त्यातली एक नायलॉनची साडी उचलली, उलगडली, मधोमध फाटलेली होती. तिनं तिची नीट चौघडी घातली आणि होती तिथे ठेवली. काही बोलली नाही. ती परत कुठल्याच ट्रकपाशी गेली नाही. २०१९ च्या पुरानंतर सांगलीला मी स्वतः कामाला होतो, तिथेही जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले.

एक मात्र सांगतो. त्या वेळी देशाबाहेरूनही मदत आली होती. आमच्या गावाचं नाव ज्यांना उच्चारता येत नव्हतं, अशांनी पाठवली. आमच्याआधी त्यांच्या देशात कोण उपाशी आहे हे त्यांनी मोजलं असतं तर आम्हाला काही मिळालं नसतं. सडेतोड, राग नको, पण तुमचा प्रश्न वाचून मला आजीची ती साडी आठवली.

डोंगरपायथा | १४ फेब्रुवारी

किल्लारीचा, इथेही तेच झालं. सांता अनिताच्या रेसकोर्सच्या आवारात कपड्यांचे इतके डोंगर साचले की ‘आता कपडे नकोत’ म्हणून सांगावं लागलं. आमच्या बाईंना कोट नको होता. गाडीचा हप्ता भरायचा होता, औषधाची चिठ्ठी पुन्हा लिहून आणायची होती, आणि फॉर्म भरताना कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. कोरी जागा विकत घ्यायला दलालांचे फोन सुरू झालेत. ‘अल्टाडेना विकायला नाही’ अशा पाट्या लोकांनी राखेत रोवल्यात. म्हणून वर्गणी रोख, आणि ती थेट अशा पाच घरांत जाणार. हिशेब इथे टाकेन.

काजूबाग, तुमचं वाचल्यावर मला माझ्याच पोस्टची लाज वाटली, कारण मार्च २०२२ मध्ये मी इथे होते आणि कोकणातल्या वणव्यांची बातमी वाचून पुढे गेले होते. सडेतोड यांचा तेवढा भाग खरा होता. आग माझ्या खिडकीत आली तेव्हाच मी जागी झाले. तुमच्या बागेभोवती जाळरेषा काढायला किती मजूर लागतात?

सडेतोड | १५ फेब्रुवारी

‘हॉलिवूडवाले’ हा शब्द मागे घेतो. बाकी माझं म्हणणं कायम आहे: आधी इथलं. अल्टाडेनासाठी मी देणार नाही. ज्यांना द्यायचंय त्यांना यापुढे अडवणार नाही. काजूबाग, जाळरेषेच्या एका दिवसाची मजुरी माझ्याकडून.

काजूबाग | १५ फेब्रुवारी

पैसे मागायला लिहिलं नव्हतं. नकोत.

माळरान | १५ फेब्रुवारी

पैसे नकोत तर माणसं चालतील? परवा बोललो ते जास्त झालं. पुढच्या रविवारी साताऱ्याहून आम्ही सहा जण येऊ शकतो. एक ब्लोअर आहे आमच्याकडे.

काजूबाग | १५ फेब्रुवारी

माणसं चालतील. वरच्या अंगाला सड्याच्या बाजूनं तीन मीटर रुंद पट्टा काढायचाय, साधारण चारशे मीटर लांब. ऊन चढायच्या आत सुरू करू, म्हणजे शनिवारी रात्रीच मुक्कामाला या. बूट घालून या, चपला नकोत, कुसळं फार आहेत. ब्लोअरचं पेट्रोल इथे जवळ मिळत नाही, घेऊन या. कवळ_तोड्या, तुम्ही जवळचेच दिसता. तुमच्या त्या चुलतभावालाही घेऊन या.

ताई, त्या बाईंना सांगा, राख पाऊस पडायच्या आत परत एकदा चाळा. बायकोचं जोडवं मला दुसऱ्या दिवशी सापडलं होतं, बुंध्याच्या आतल्या अंगाला.