कूलरची टाकी कोण भरणार?

मानेवाड्याची आई
मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. नवरा वाईट नाही. सांगितलं की सगळं करतो. पण सांगावं लागतं. नागपूरचा पारा ४५ वर, दुपारी कूलरची टाकी रिकामी झाली की पंप खरखरतो. सुट्टीच्या दिवशी तो आवाज दोघांनाही ऐकू येतो, उठते मी एकटी. काल पोराला कडेवर घेऊन एका हाताने पाइप धरला, टाकी भरली आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. डबा, लसीचं कार्ड, उद्या कामवाली येणार की नाही, सगळं माझ्याच डोक्यात. मला मदत हवी आहे. हे म्हणायला इतकं अवघड का वाटतं?

सक्करदऱ्याची काकू
बाई, आम्ही तीन लेकरं वाढवली. कूलर कुठला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचो. तुझा नवरा सांगितलं की करते, आमच्या नशिबी तेवढंही नव्हतं. काहून जीव जाळून राहिली? पोळ्यांना बाई लाव, सासूला बोलावून घे. संसारात मोजमाप करू नये.

वर्धा रोडचा बाबा
काकूंशी सहमत. मी मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, दहा तास बाहेर. घराचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग, आईबाबांचा दवाखाना, हे कोण मोजतं? भांडी घासली तर बायको पुन्हा घासते. मग माणूस हात आखडता घेतोच.

धरमपेठ
दादा, भांडी पुन्हा घासली की वाईट वाटतं, ते खरंच. पण सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा येते, लेकराची भूक दिवसातून पाचदा.
आणि काकू, मोजमाप सरकारनेच केलंय. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, तेच काम करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ घटली. म्हणजे ते ओझं पुरुषांनी उचललं नाही. तुम्ही सांगता तो उपायही तसाच: सुनेचं काम सासूकडे, सासूचं कामवालीकडे. फिरून फिरून बाईच्याच हातात.

सक्करदऱ्याची काकू
आकड्यानं पोट भरत नाही, माय. पण एक खरं सांगते. माझ्या वेळी घरात आम्ही चार बायका होतो. सव्वा महिना मला कोणी हंडा उचलू दिला नाही. ही एकटी आहे.

वर्धा रोडचा बाबा
माझं म्हणणं तेच आहे. काय हवं ते नीट सांगा, आम्ही करू. मनातलं ओळखायला लावू नका.

मानेवाड्याची आई
दादा, सांगणं हेच तर काम आहे. ते संपतच नाही.
काल रात्री नवऱ्याशी बोलले. कूलर आता पूर्ण त्याचा: पाणी, पंप, ताट्या, सगळं. मी आठवण करणार नाही. लसीचं कार्डही द्यायचं होतं, पण पोराचा दीड वर्षाचा बूस्टर राहिलाय, ते देण्याची हिंमत झाली नाही.
आज रविवार. मघापासून पंप खरखरतो आहे. मुलं आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलीत. मी उठलेले नाही.