ओव्हनचं दार ‘लॉक’ झालंय: कडी, खटका, आकडा की अडसर?

मंडळी, एक शब्द हवाय. आम्ही न्यू जर्सीत असतो, स्वयंपाकघरात भिंतीतल्या कपाटात बसवलेला सेल्फ-क्लीनिंग ओव्हन आहे, म्हणजे खूप तापून आतली घाण स्वतःच जाळून टाकणारा. ती सफाई (क्लीन सायकल) संपली, ओव्हन पार गार झाला तरी दार उघडत नाही आणि पडद्यावर एफने सुरू होणारा एरर कोड येतोय. सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतात म्हणून त्यांच्यासाठी काय करायचं, काय नाही याची चिठ्ठी लिहितेय. ‘दार लॉक झालंय’ असं सांगितलं तर त्यांनी विचारलं किल्ली कुठे ठेवलीय. त्यांचं बरोबरच आहे, लॉक म्हणजे कुलूप आणि कुलूप म्हटलं की किल्ली आलीच. मग याला म्हणायचं काय?

——

कुलूप नकोच. आपल्याकडे दार ‘लोटलंय’ म्हणजे नुसतं ढकललंय, वाऱ्यानेही उघडेल. ‘कडी घातलीय’ म्हणजे आतून अडकवलंय, आणि ‘कुलूप लावलंय’ म्हणजे किल्लीवाल्याशिवाय उघडणार नाही. ही तीन वेगळी कामं आहेत आणि ओव्हनलाही यातला पहिला फरक कळतो. दार लोटलेलं आहे का हे सांगणारा एक स्विच असतो (दिवा लागतो-विझतो तो बहुतेक त्याच्यावरच) आणि कडी बसलीय का हे सांगणारे वेगळे. आपण सगळ्यालाच लॉक म्हणतो आणि मग नेमकं काय बिघडलंय ते ना आपल्याला सांगता येत ना समोरच्याला कळतं, म्हणून मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

एरवी दार उघडं असताना पाहिलं तर वरच्या चौकटीत एक फट दिसेल, त्यातून लोखंडी आकडा बाहेर येतो आणि दाराच्या खाचेत अडकतो. मागे छोटी मोटर असते, तिच्यापासून आकड्यापर्यंत एक दांडी, आणि मोटर फिरली की तिच्यावरची चकती बारीक स्विच दाबते, त्यावरून ओव्हन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळतं की कडी बसली की सुटली. म्हणजे बिघाड दोन तऱ्हेचा. एक, आकडा खरोखरच अडकलाय. दुसरा, आकडा मागे गेलाय, दारही उघडतंय, पण स्विच सांगत नाही म्हणून बोर्ड कोड दाखवतो आणि ओव्हन तापवायलाच नकार देतो. तुमचा पहिला दिसतोय. चिठ्ठीत ‘आतली कडी अडकलीय’ एवढं लिहा, पुरे.

——

अडसर का नको? वाड्याच्या दाराला आडवं लाकूड असायचं, भिंतीतल्या भोकातून सरकवायचं, तो अडसर. सरकून आडवं येतं हे काम तर तेच आहे.

——

काम तेच, पण आता ‘अडसर’ म्हटलं की लोकांना अडथळाच आठवतो, ‘लग्नातला अडसर दूर झाला’ वगैरे. शिवाय अडसर माणूस घालतो. जुन्या सेल्फ-क्लीनिंग ओव्हनना (जनरल इलेक्ट्रिकने १९६३ साली असा ओव्हन बाजारात आणला) हाताने सरकवायची मूठ असायची बऱ्याच मॉडेलना, तिथे ‘कडी घातली’ शोभतं. आताची मोटरने आपोआप लागते, तिथे ‘कडी बसली’, ‘कडी सुटली’ म्हणावं. मराठीत हा फरक क्रियापदातच आहे, नवा शब्द घडवायची गरजच नाही. आणि ‘खटका’ मी त्या बारीक स्विचसाठी राखून ठेवेन, दाबला की टक् आवाज येतो तोच खटका.

——

शब्द ठरतील, पण आधी सासूबाईंना सांगा की हँडल ओढू नका आणि फटीत सुरी घालून आकडा ढकलायला जाऊ नका, दांडी वाकली तर काम वाढतं. क्लीनिंगला आत ४८० अंश सेल्सियसच्या आसपास तापतं, सांडलेलं सगळं जळून राख होते, म्हणून तर कडी लागते, आणि बऱ्याच मॉडेलना ३०० अंशांच्या आसपास उतरेपर्यंत ती सुटतच नाही. तुमचा गार आहे म्हणजे ते कारण नाही. तुम्ही घरी असताना ब्रेकर पाडा (तिकडे हे ओव्हन २४० व्होल्टवर असतात, ब्रेकर जोडीचा असतो), पाचेक मिनिटांनी परत चढवा. मोटर अर्ध्यात थांबली असेल तर क्लीन सुरू करून लगेच कॅन्सल केलं की कधी कधी पूर्ण फिरून जागेवर येते. तेव्हा कान देऊन ऐका. घरघर ऐकू येतेय पण आकडा हलत नाही तर दांडी निसटलीय किंवा वाकलीय. घरघरच नाही तर मोटर गेलीय, किंवा तिच्यापर्यंत करंटच पोचत नाहीये. क्लीनिंगच्या उष्णतेने सेफ्टी थर्मोस्टॅट (फार तापलं की करंट तोडणारा स्विच) पडणं हेही नेहमीचं. पुढचं काम मेकॅनिकचं, कारण भिंतीतला ओव्हन कपाटातून बाहेर ओढावा लागतो, भयंकर जड असतो, एकट्याने हातच लावू नये आणि त्याआधी ब्रेकर पाडलेला हवाच.

——

खूप आभार सगळ्यांचे! ‘आतली कडी सुटली नाहीये, हँडल ओढू नका, आकडा दिसला तरी हात लावू नका’ असं लिहू ना?

——

‘आकडा’ तेवढा बदला. पडद्यावर एरर कोडचा आकडा दिसतोय, त्या तोच समजतील. सरळ ‘हूक’ लिहा.