प्रश्नोत्तराचा तास बंद पाडणं: हक्क की नुकसान?

रामबागवाला
निवृत्त झाल्यापासून अकराला पोह्यांची बशी घेऊन संसद टीव्हीसमोर बसतो. परवा लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला, फलक वर आले, घोषणा, बारापर्यंत तहकूब. पोहे निम्मेही संपले नव्हते. वीस तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न पाण्यात! पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, सोडतीत नंबर लागायचा, आणि आपल्याच बाकावरच्यांनी तो बुडवायचा. ओरडायला बारानंतर तातडीचे विषय मांडायचा शून्य प्रहर आहे ना.

अनुस्वार
काका, बुडालं काय? तोंडी झालं नाही तरी तारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर येतंच. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, २३० वेगळे. शांत दिवशीही विसातले पाच-सहाच पुकारले जातात. हा तास म्हणजे निम्मा देखावा.

जुनी इंदूरकरीण
अनुस्वारला दुजोरा. आपल्या इंदूरच्या ताई, सुमित्रा महाजन, लोकसभा अध्यक्ष असताना, ऑगस्ट २०१५ मध्ये, काँग्रेसचे २५ खासदार पाच दिवस निलंबित झाले होते. मला ताईंचा अभिमान आहे, पण कामकाज सुरळीत झालं का? इतर विरोधी पक्षांनीही बहिष्कार घातला. चर्चा मागून मिळत नसेल तर विरोधकांनी काय सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन तळलेला गराडू खावा?

रामबागवाला
ताई, गराडूवर नका जाऊ, भूक लागते.
अनुस्वार, लेखी उत्तराचंच बोलू. सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, नुसती लेखी उत्तरं. त्यात विचारलं गेलं, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले? उत्तर आलं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. विषय संपला. सभागृहात असता तर पुढचाच माणूस उठून म्हणाला असता, "का ठेवली नाही?" मंत्र्याला उभ्या उभ्या उत्तर द्यावं लागतं ते या पूरक प्रश्नाला. कागदाला पूरक प्रश्न विचारता येत नाही.

अनुस्वार
पण त्या एका ओळीनेच देशभर बोंब झाली ना! पूरक प्रश्नाला मंत्री "माहिती मागवून पटलावर ठेवू" म्हणून बसतात, तेही पाहिलंय.

पाटणीपुरा
भिया, मुंदडा प्रकरण विसरलात. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, त्यावर १९५७ मध्ये सरकारला सभागृहात घेरलं कोणी? फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने, पंतप्रधानांच्या जावयाने. छागला आयोग बसला, १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी गेले. आज स्वपक्षाच्या मंत्र्याला असा प्रश्न कोण विचारतो? "आपण केलेल्या उत्तम कामाबद्दल" इथूनच सुरुवात. माझ्या मते तास गोंधळाने मेला नाही, आधीच आजारी होता.

रामबागवाला
हे मात्र खरं. तरी आजाऱ्याचा ऑक्सिजन काढत नाहीत. राज्यसभेने २०१४ मध्ये गोंधळाला कंटाळून हाच तास बाराला नेला.

जुनी इंदूरकरीण
आणि गोंधळही घड्याळ बघून बाराला आला.