व्हीलचेअरवरून स्वतः सरकून बसता येईल असा ओटा किती उंच करावा?

लातूरकर:
धाकटा भाऊ तीन वर्षं झाली व्हीलचेअरवर आहे, कमरेखाली काहीच जाणवत नाही पण हातात दम आहे. संध्याकाळी त्याला दारापुढच्या ओट्यावर बसायचं असतं अन् दर वेळेस आम्ही दोघं उचलून ठेवतो, तो काही बोलत नाही पण मान खाली घालतो. आता ओटा नव्यानं बांधायलोय. मिस्त्री म्हणतो दोन फूट उंच करू अन् वरून काळा कडप्पा टाकू. चालंल का?

परभणीकर:
दोन फूट अजिबात नको! मी स्वतः ११ वर्षं चेअरवर आहे. भावाला चेअरवर बसवा, त्याच्या वजनानं गादी दबली की जमिनीपासून तिथपर्यंत टेप लावा, १९-२० इंचाच्या आसपास भरंल, ओटा तेवढाच ठेवा, अन् ती उंची फरशी बसल्यावरची बरं का, नुसत्या विटांची नाही. चढावर अंग उचलायचं म्हणजे सगळा भार खांद्यावर येतो, अन् खांदे गेले तर चेअर ढकलायची पण पंचाईत. अजून एक, अंगणाला पाणी जायला उतार देतात ना, ओट्यालगत ३ बाय ४ फूट जागा तरी एकदम सपाट करा, नाहीतर ब्रेक लावून पण चेअर हलते.

संभाजीनगरहून, ऑक्युपेशनल थेरपिस्ट:
उंचीचं बरोबर सांगितलंय. मला काळजी कडप्प्याची वाटते. आपल्याकडं मे महिन्यात काळा दगड दिवसभर तापतो अन् दिवस मावळला तरी गरम राहतो, भावाला चटका कळणारच नाही, फोड आल्यावरच दिसंल. फिकट फरशी घ्या, वर पत्र्याची सावली करा, बसायच्या आधी कोणीतरी हात लावून बघा. काठ गोल घासून घ्या. अन् भावाला सांगा, ढुंगण घासत ओढायचं नाही, हातावर उचलून ठेवायचं, नाहीतर कातडी सोलून जखम होते. चेअर तिरकी लावायची, चेअरचा ओट्याकडचा हात (आर्मरेस्ट) काढून ठेवायचा.

लातूरकर:
आत्ताच मोजलं, साडेएकोणीस भरलं. टेपचं एक टोक भावानंच धरलं होतं. भिंतीला धरायला पाइप लावायचाय, किती जाड घेऊ?

परभणीकर:
सव्वा ते दीड इंची, मुठीत नीट बसतो. भिंतीपासून दीड-दोन इंच सोडून, पक्का ठोका.